कोळीण चालली मिलला

लालबागच्या सिग्नलला, बेस्टच्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या एका अनोळखी पोराने राजाराम घाडीचं बावीस वर्षांपूर्वीचं गुपित कानांत बोंडं खुपसून, मान हलवत, ओठांतल्या ओठांत म्हणून टाकलं, आणि सिग्नल सुटला. बस गेली. राजारामचा टेम्पो तिथेच. मागे मांडवाचे बांबू, मध्ये राजाराम आणि पुढे नुसता रिकामा रस्ता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असणार, कारण थोड्या वेळाने एका हवालदाराने येऊन बॉनेटवर थाप मारली आणि आईवरून काहीतरी विचारलं. राजारामने ते व्यवस्थित वाचलं, मान डोलावली आणि गिअर टाकला. कोळीण चालली मिलला. पोराचे ओठ अगदी स्वच्छ होते. ‘ळ’ला जीभ वर गेली ती दिसली, ‘म’ला ओठ मिटले ते दिसले. चुकायला जागा नव्हती. आणि ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातलं एक टेम्पो चालवत होतं आणि दुसरं, म्हणजे त्याची बायको कांता, जाऊन दोन वर्षं होत आली होती. कांता मेल्यावर बसमधून फिरते, तेही पोराच्या वेषात, असं मानायला राजारामची फारशी हरकत नव्हती. तिला खिडकीची जागा आवडायची. पण ती असं गाऊन दाखवणाऱ्यातली नव्हती. तिने कधी ओवीसुद्धा पुरी म्हटली नाही. निम्म्यावर हसू यायचं तिला.

राजारामची नजर अशी तयार झाली ती गिरणीत. साचा म्हणजे कापड विणायचा माग, आणि साचेखात्यात असे सहाशे साचे एका छपराखाली धडधडायचे. तिथे माणसाने बोंब मारली तरी ती त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत पोचत नसे. म्हणून साचेखात्यातली माणसं आवाज खर्चच करत नसत. ओठ मोठे करायचे, भुवया उडवायच्या, दोन बोटं हलवायची, झालं. चार साचे पलीकडच्या माणसाला शिवी देता येई, तंबाखू मागता येई, कुणाच्या घरी काय झालं ते कळवता येई. राजारामचं लग्नसुद्धा असंच जमलं. जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, सहा साच्यांपलीकडून ओठांनी सांगितलं, मुलगी मालवणकडची आहे, उजळ आहे, स्वभावाने तिखट आहे. त्यातलं मालवणचं आणि तिखटाचं तेवढं खरं निघालं. बारा वर्षांत गिरणीने त्याचे कान घेतले. डॉक्टर म्हणाला ऐंशी टक्के गेलेत; उरलेल्या वीस टक्क्यांत कुकरची शिट्टी यायची आणि गणपतीतले ढोल पोटात यायचे. लायसन कान शाबूत असताना काढलेलं होतं, आणि पुढे कुणी विचारलं नाही. उलट मांडववाले म्हणायचे, राजाराम म्हणजे शांत ड्रायव्हर, कुणाच्या हॉर्नने भडकत नाही. ओठ मात्र त्याला सगळीकडचे दिसत. पलीकडच्या फुटपाथवरचे, समोरच्या गॅलरीतले, दादरच्या फुलबाजारात एकेकटे चालताना स्वतःशी पुटपुटणारांचे. लोक स्वतःशी काय बोलतात हे बघून त्याला पूर्वी मौज वाटायची. आज पहिल्यांदाच कुणीतरी राजारामचं बोललं होतं.

ते पोर कुठून शिकलं असेल, हा विचार करत तो परळपर्यंत गेला आणि बांबू उतरवून परत आला, तरी आपल्या पोरीचं नाव त्याच्या मनात आलं नाही. आणि खरं तर तिचंच यायला हवं होतं, कारण त्याची मुलगी तुळसा एका बँडमध्ये गायची. बँड म्हटल्यावर राजारामला आधी लाल कोट आणि पितळी पिपाण्या आठवल्या होत्या, आणि पोरगी घोड्यापुढे चालणार म्हणून त्याला जरा काळजीही वाटली होती. हा तो बँड नव्हता. हे तिघंच. तुळसा गिटार वाजवायची आणि गायची, वरळीच्या बीडीडी चाळीतला जगदीश जाड तारांची बेस गिटार वाजवायचा आणि खोताच्या वाडीतला ऑब्री डिमेलो ड्रम बडवायचा. या प्रकाराला पंक म्हणतात, असं तुळसाने ओठ सावकाश हलवून सांगितलं होतं.

“म्हणजे काय?”

“म्हणजे बाबा, तीन सूर, दोन मिनिटं आणि राग.”

“राग कुणावर?”

“ते गाणं सुरू झाल्यावर ठरतं.”

बँडचं नाव ‘सामायिक संडास’. राजारामने ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. सकाळी डबा घेऊन चाळीच्या त्या रांगेत उभं राहिल्यावर माणसाला जे वाटतं तेच आमचं संगीत, असं जगदीशचं म्हणणं. पेपरवाले नाव छापत नसत. कॉलेजवाले फलकावर ‘सा. सं. कलामंच’ लिहीत. म्हापशाला कार्यक्रमपत्रिकेवर ‘एस. एस. ब्रदर्स’ छापून आलं तेव्हा आयोजक हटूनच बसला की ब्रदर्स म्हटलंय तर ब्रदर्स हवेत. शेवटी तुळसाने काजळाने मिशी काढली आणि अख्खा कार्यक्रम तशीच गायली. कोल्हापुरात कुणीतरी त्यांना ऑर्केस्ट्रा समजून एका साहेबांच्या निरोप समारंभाला बोलावलं. हार घातलेले साहेब पहिल्या रांगेत, शेजारी सौभाग्यवती, आणि समोर ऑब्री शर्ट काढून. दुसऱ्या गाण्याला साहेब उठले, स्टेजवर चढले, माईक हिसकावून घेतला आणि जवळजवळ मिनिटभर नुसते ओरडले. मग हार नीट करून खाली जाऊन बसले. पुढच्या महिन्यात त्याच ऑफिसातून आणखी एका निवृत्तीचं आमंत्रण आलं.

या सगळ्या दौऱ्यांना टेम्पो राजारामचा. सोमवार ते शुक्रवार बांबू आणि कनाती, शनिवार-रविवार ड्रम आणि पोरं. ऑब्रीची आई कुकरभर सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मटणाचं कालवण, द्यायची; तो कुकर मांडीत धरून जगदीश घाटात वळणावळणाला जीव मुठीत घेऊन बसायचा, कारण एकदा सांडला तेव्हा ऑब्री त्याच्याशी नाशिकपर्यंत बोलला नव्हता. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर वधूवरांच्या खुर्च्या जोडून ती तिघं झोपायची. साऊंडवाला राजारामला विचारायचा, काका, आवाज बरोबर आहे का? राजाराम जमिनीवर तळवा टेकायचा आणि म्हणायचा, डावीकडून कमी येतोय. आणि ते बरोबर निघायचं.

पण तो जायचा ते या मौजेसाठी नाही. बहिऱ्या माणसाशी बोलायचं तर लोकांना थांबावं लागतं, त्याच्याकडे तोंड करावं लागतं, एकेक शब्द तोंडात धरून दाखवावा लागतो. एवढी सवड कुणाला? चाळीतली माणसं हात हलवून भागवायची. कांता गेली आणि त्याच्याकडे तोंड करून बोलणारं जगात एकच माणूस उरलं. ते शनिवारी सकाळी गिटार घेऊन निघून जायला लागलं, तेव्हा राजाराम म्हणाला, टेम्पो रिकामाच असतो. टेम्पो रिकामा नसायचा. शनिवारी-रविवारीच तर लग्नं असतात. मांडववाल्याने दोनदा समज दिली होती.

कार्यक्रम चालू असताना त्याची जागा ठरलेली. लोकांच्या पाठीमागे, टेम्पोच्या पत्र्यावर हात ठेवून. पुढे सगळ्या पाठीच पाठी, आणि त्यांच्यावरून लांब स्टेजवर तुळसा, तोंड माईकच्या बोंडात खुपसलेलं. ओठ दिसत नसत. काय गाते ते त्याला कधी कळलं नाही, आणि विचारावं असंही वाटलं नाही. पोरीने काय गावं हे तिचं तिला. एक गाणं मात्र त्याला फार आवडायचं. ते सुरू झालं की पत्रा थरारायचा आणि त्या थरथरीत एक चाल होती, एक जड, एक हलकी, एक जड, एक हलकी, मध्येच अर्धा श्वास अडकल्यासारखी. साचा बरोबर लागला की पायाखालची फरशी अशीच बोलायची. राजाराम डोळे मिटून मान डोलवत राहायचा. डोळे उघडले की दिसायचं, तुळसा लोकांच्या डोक्यावरून नेमकी त्याच्याकडेच बघते आहे. हसते आहे. मग तो आणखी जोराने डोलवायचा.

गुपित होतं ते बावीस वर्षांपूर्वीचं, गिरणीतलं. गिरण्यांच्या संपाला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. निम्मी चाळ गावी गेली होती. राजारामच्या घरात उपासमार नव्हती, हे सांगायला हवं. कांता दादरहून फुलं आणून गजरे करायची आणि दोन वेळचं भागत होतं. भुकेसाठी संप मोडून गिरणीत गेलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याला झोप येत नव्हती. चाळीत इतकी शांतता पडली होती की त्याच्या उरल्यासुरल्या कानांतही ती शिरायची. तो रात्रभर पडल्यापडल्या बोटांनी हवेत तुटलेले धागे जोडायचा, आणि पाळण्यातली तुळसा ते खेळणं समजून हात पुढे करायची. शेवटी कांताच म्हणाली, “जावा एकदाचे. बघून येवा तेका.” जणू गिरणी म्हणजे कुणी आजारी नातेवाईक.

पुढच्या दारावर संपवाले बसलेले. पण मागच्या दाराने साहेब लोकांच्या बंगल्यांवर रोज सकाळी सात वाजता मासळी जायची. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून सखुबाई नावाची कोळीण यायची, ताठ मानेची, टोपलीला हात न लावता चालणारी. तिला कुणी अडवत नसे; मासळीचा आणि संपाचा काय संबंध? तेव्हा तिच्याआधी अर्धा तास आणखी एक कोळीण गेली तर कोण बघतं, हा हिशेब कांताचा. तिने आपलं हिरवं लुगडं कोळणीसारखं गुडघ्याशी आवळून त्याला नेसवलं. पोटऱ्या भादरल्या. मिशी काढली. मिशी काढलेली बघून चाळीतल्या दोघांनी विचारलं, बाप गेला का रे? बाप गावी धडधाकट होता. राजाराम हो म्हणाला. पुढे बाप खरोखर गेला तेव्हा चाळीत कुणी विशेष वाईट वाटून घेतलं नाही. टोपलीत सुके बोंबील, बोंबलांखाली डबा, डब्यात चपात्या, आणि चपात्यांखाली चौथी शिकलेल्या कांताने पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: पदर सांभाळा.

तो तीन दिवस गेला. सहाशे साच्यांपैकी अकरा चालू होते, आणि त्यांवर कारकून लावलेले. अकरा साच्यांचा आवाज वेगवेगळा मोजता येत होता. इतक्या मोठ्या छपराखाली अकरा साचे म्हणजे ओसाड गावातली अकरा कुत्री. ज्याच्यासाठी गेला होता ते तिथे नव्हतंच. चौथ्या दिवशी तो लुगडं नेसून निघाला आणि अर्ध्या तासात परत आला. कांताने विचारलं, काय झाला? तो म्हणाला, लुगडं काचतं. कांता इतकी हसली की पाळण्यातली तुळसा जागी झाली. तो विषय तिथे संपला.

बसमधल्या पोराला आठवडा झाला आणि शनिवारी नाशिकचा कार्यक्रम आला. हॉल लग्नाचा. स्टेजला उतार का होता ते तिथल्या माणसालाही सांगता येईना. म्हणाला, आहेर खाली घसरत येतात, बरं पडतं. ऑब्रीने पहिला ठोका दिला आणि मोठा ड्रम हातभर पुढे सरकला. दुसऱ्याला आणखी हातभर. वीट शोधली, वीट नव्हती. तिसऱ्या गाण्यापर्यंत ऑब्री ड्रमच्या मागोमाग स्टूल ओढत स्टेजच्या काठाला आला आणि त्याने लांबूनच राजारामला हाक मारली, म्हणजे तोंड वासलं: “अंकल! पकडा ना याला!”

राजाराम स्टेजवर चढला आणि ड्रमच्या बाजूला मांडी ठोकून, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारून बसला. लोक हसले. आणि तेव्हा, वर्षभरात पहिल्यांदा, लोकांच्या पाठींऐवजी त्याच्यासमोर तोंडं होती. दोनशे तोंडं. त्याचं आवडतं गाणं सुरू झालं, ती चाल त्याच्या छातीतून आरपार जायला लागली, त्याने सवयीने मान डोलवली, आणि दोनशे तोंडं एकदम उघडली.

कोळीण चालली मिलला. मिशी ठेवली घरी. दुसऱ्या रांगेतली चष्मेवाली मुलगी, खांबाला टेकलेला जाडा, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उड्या मारणारे चौघे, सगळ्यांच्या ओठांवर एकच. टोपलीत बोंबील, बोंबलाखाली डबा. डब्यात चपाती, चपातीखाली चिठ्ठी. राजारामने डोळे मिटले आणि उघडले. साचेखात्यातसुद्धा एकाच वेळी दोनशे जण त्याच्याशी बोलले नव्हते. पदर सांभाळ, बाई, पदर सांभाळ! इथे सगळे वर उडाले. पदर सांभाळ, बाई, पदर सांभाळ! आणि हात सुटून ड्रम खाली गेला, पहिल्या रांगेच्या मांडीवर. लोकांना वाटलं, हे त्यातलंच.

चिठ्ठी. चिठ्ठीचं चाळीतल्या कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

रविवारी दोघं घरी पोचली. तुळसा गॅलरीत बसून गिटारला तारा चढवत होती. तिच्यासमोर जाऊन तो उकिडवा बसला, म्हणजे ओठ नीट दिसावेत.

“त्या गाण्यात चिठ्ठी आहे.”

“चपातीखाली,” ती म्हणाली. “हो. मग?”

“कुणी सांगितलं?”

“आईने. हॉस्पिटलात. शेवटच्या आठवड्यात. एवढी हसत होती बाबा, की सिस्टर येऊन ओरडली, म्हणाली, पेशंट कोण आहे तुमच्यातला?” मग तिचे ओठ थांबले. “एक मिनिट. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मला कसं कळणार?”

“तुम्ही मान डोलवता ना! दर वेळी! त्याच गाण्याला! मी बघते वरून.” तिने तार सोडली. “मला वाटायचं, तुम्ही वाचलंत. तुम्ही काय पण वाचता. लहानपणी मला वाटायचं भिंतीपलीकडचं वाचता. पहिल्यांदा गायले तेव्हा म्हटलं, बाबा आता उठून जातात. तर तुम्ही डोळे मिटून मस्त डोलताय. म्हटलं, सुटले. चालतंय त्यांना.”

“मी ठेक्याला डोलत होतो.”

“अरे देवा,” तुळसा म्हणाली, आणि कपाळाला हात लावून हसली, थेट कांतासारखी, निम्म्यावर श्वास संपेपर्यंत. मग तिने त्याचे दोन्ही हात धरले. “रागावलात? बाबा, ते थट्टेचं नाहीये हो. लोक हसतात, पण ते प्रेमाचं आहे. एक माणूस गिरणीवाचून झोपू शकत नाही आणि त्याची बायको त्याला स्वतःचं लुगडं नेसवते. यात वाईट काय आहे? संप मोडला म्हणतील? म्हणू देत. तीन दिवस! माझ्याकडून माफ.”

माझ्याकडून माफ. हे शब्द तिने इतके सावकाश, इतके गोल करून दाखवले की राजारामला ते हातात घेता आले असते.

“पुढच्या रविवारी परळला आहे ना आपला,” ती पुढे म्हणाली, “तुमच्याच गिरणीत. आता ते हॉटेल झालंय तिथे, आवारात स्टेज घालतात, मागच्या गेटजवळ. मी तुम्हाला वर बोलावणार. सांगणार सगळ्यांना, हीच ती कोळीण. आईचं हिरवं लुगडं आहे अजून ट्रंकेत. नुसतं डोक्यावर घ्यायचं. लोक वेडे होतील, बाबा.”

तो हो म्हणाला. ती इतक्या जवळून बोलत होती, इतक्या आनंदाने, की नाही म्हणण्यासाठी आधी ते सगळं बंद करावं लागलं असतं.

मग आठवडाभर त्याला चौथा दिवस आठवत राहिला. बांबू चढवताना, उतरवताना. चौथ्या दिवशी तो घरातून उशिरा निघाला होता. निऱ्या नीट बसत नव्हत्या. मागच्या दाराच्या गल्लीत वळला तेव्हा सखुबाई त्याच्या तीसेक पावलं पुढे होती. दाराशी सातआठ संपवाले उभे होते, त्यातले दोघे त्याच्याच खात्यातले. कुणीतरी चुगली केली होती, एक कोळीण गडी आहे म्हणून. ते सखुबाईच्या आडवे आले. राजारामने त्यांचे ओठ वाचले: हाच तो. बघा, चाल बघा. आणि एकाने तिचा पदर ओढला. टोपली पडली. मासळी रस्त्यावर पसरली. दुसऱ्याने चोळीला हात घातला. सखुबाईचं तोंड राजारामच्या बाजूला होतं. तिचे ओठ तो तीस पावलांवरून काय, मैलावरून वाचू शकला असता. “मी सखू हाय रं! बाई हाय मी, बाई!” आणि मग तिला तो दिसला, हिरव्या लुगड्यातला, टोपली डोक्यावर. ती त्याच्याकडे बघत राहिली. एखादी बाई मदतीला येईल म्हणून बघतात तशी. फक्त डोक्यावरचं खाली घ्यायचं होतं आणि म्हणायचं होतं, मी आहे तो. तो पदर सावरत मागे वळला. कांताने लिहिलंच होतं, पदर सांभाळा. सखुबाई त्या दाराला परत कधी आली नाही. पुढे कोण मासळी आणायचं, राजारामला माहीत नाही. तो त्या गल्लीतून गेला नाही.

हे कांताला त्याने सांगितलं नाही, म्हणून ती मरताना हसू शकली. तुळसालाही सांगितलं नाही तर ती हसत राहील, गात राहील, आणि त्याच्याकडे तोंड करून बोलत राहील. इतका सोपा हिशेब होता. गप्प बसायचं म्हणजे काही करायचंच नव्हतं, आणि बावीस वर्षं त्याने ते चांगलं केलं होतं.

रविवारी पाच वाजता परळच्या त्या आवारात तीनशे तरी पोरं होती. मे महिन्याचं ऊन अजून छपरांवर होतं. साचेखात्याच्या भिंती घासून लाल विटा काढल्या होत्या, त्या नव्यासारख्या दिसत होत्या. मागचं दार मात्र तेच. त्याला चंदेरी रंग दिला होता आणि त्याच्यापुढे स्टेज. ऑब्रीने या वेळी घरून वीट आणली होती. पाचव्या गाण्याला तुळसाने राजारामकडे बोट दाखवलं, सगळी तोंडं वळली, आणि तो पाठी बाजूला सारत वर गेला. तिने ट्रंकेतलं लुगडं त्याच्या डोक्यावर टाकलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. लोक काय ओरडत होते ते त्याला स्पष्ट दिसत होतं: काका! काका! ऑब्रीने ठेका धरला. एक जड, एक हलकी. जगदीशची जाड तार पायांतून वर आली. तुळसा माईकमध्ये तोंड घालून गायली, मिशी, बोंबील, डबा, चिठ्ठी, आणि पदर सांभाळवर तिने माईक लोकांकडे फिरवला, तीनशे तोंडं उघडली, आणि सगळी त्याच्याकडे बघत होती. बायाबापड्यांकडे बघतात तशी नाही. देवाकडे बघतात तशी. टाळ्या वाजत होत्या.

राजाराम लोकांकडे पाठ करून तुळसासमोर उभा राहिला. आणि त्याने साचेखात्यातल्यासारखं, आवाज न काढता, ओठ मोठे करून बोलायला सुरुवात केली. तिला ती भाषा पाळण्यापासूनच येत होती. चौथ्या दिवशी मी लुगडं काचतं म्हणून परत आलो नाही. पुढे सखुबाई होती. संपवाल्यांनी तिला मी समजून धरली. या दारात. तिचा पदर ओढला, चोळी फाडली. मी मागे उभा होतो, तीस पावलांवर, याच लुगड्यात. ती माझ्याकडे बघत होती. मी गेलो निघून. हे गाणं तिचं आहे.

तुळसाचे डोळे त्याच्या ओठांवरून हलले नाहीत. मध्ये एकदा तिने भुवया उडवल्या, म्हणजे साचेखात्यात ‘परत सांग’. त्याने परत सांगितलं. पाठीमागे लोक हसत होते असणार; काका मूकाभिनय करतायत, मस्त. ऑब्री वाजवतच होता. तुळसाचा हात खाली आला, माईकसकट. कडवं आलं. ती गायली नाही. तिची गरजच नव्हती. तीनशे जणांना सगळं पाठ होतं, ठेका चालू होता, आणि गाणं आपलं आपण पुढे गेलं, डबा, चपाती, चिठ्ठी. राजारामसमोर एकच तोंड होतं आणि ते मिटलेलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर ड्रम खोताच्या वाडीत पोचवायचे होते. ऑब्री आणि जगदीश मागे सामानावर बसले. तुळसा नेहमीसारखी पुढे, राजारामच्या शेजारी बसली, आणि त्याने गिअर टाकला. ऊन होतं अजून. लालबाग गेलं. चिंचपोकळीच्या पुलाशी त्याने तिच्याकडे पाहिलं तर तिचं तोंड खिडकीबाहेर होतं, आणि मानेवरची शीर हलत होती. कानातलं हलत होतं. गालाची कड वरखाली होत होती. ती बोलत होती. ती त्याच्याशीच बोलत होती, दुसरं होतं कोण? पण पूर्ण तोंड पलीकडे करून. भायखळा गेलं, ती बोलत होती. ग्रँट रोडला तिने एकदा मूठ मांडीवर आपटली. शिव्या देत होती की समजावत होती, माफ म्हणत होती की माफ नाही म्हणत होती, हे त्या गालाच्या कडेवरून जगातल्या कुठल्याही साचेवाल्याला वाचता आलं नसतं. खांद्याला हात लावून इकडे बघ म्हणता आलं असतं. पण तिला ठाऊक होतं की तो तिकडून वाचू शकत नाही. बावीस वर्षं तिला ते ठाऊक होतं.

खोताच्या वाडीचं तोंड आलं. राजारामने टेम्पो थांबवला नाही. ती बोलतेय तोवर बोलतेय. तो सरळ ठाकूरद्वाराला गेला, तिथून चर्नी रोड, तिथून प्रार्थना समाज, आणि परत गिरगाव. मागून ऑब्री पत्र्यावर थापा मारत होता. त्या राजारामला पाठीच्या कण्यात कळत होत्या. दुसरी फेरी. इराण्याच्या दारातला माणूस टेम्पोकडे बघून काहीतरी म्हणाला, ते राजारामने वाचलं आणि लगेच विसरला. तिसऱ्या फेरीला, ठाकूरद्वाराच्या वळणावर, तुळसाच्या गालाची कड थांबली.

राजारामने तरीही चौथी फेरी घेतली.